काँटॅक्ट अँगल: मशीनपाशी सगळ्यात शेवटी जा

"मॅडम, मशीन बिघडलंय. परवा काचेवर १२ आला होता, आज ५१ येतोय."

"स्लाइड ठेवली होतीस कुठे?"

"टिश्यूवर, टेबलावरच. पण ग्लोव्ह घालूनच उचलली."

एवढं बोलून त्याने त्याच ग्लोव्हने मोबाइल काढला, वेळ पाहिली, खिशात टाकला आणि स्लाइड पुन्हा हातात घेतली. जुलैत एमएस्सी प्रोजेक्टची आणि पीएचडीची नवी मुलं आली की नवी मुंबईतल्या आमच्या प्रयोगशाळेत हा संवाद ठरलेला. काँटॅक्ट अँगल म्हणजे पृष्ठभागावर ठेवलेल्या थेंबाची कड त्या पृष्ठभागाशी करते तो कोन, अंशांत; पाणी जितकं पसरतं तितका तो कमी. तो मोजणारं मशीन, म्हणजे सुई, स्टेज आणि कॅमेरा, बहुतेक वेळा ठीकच असतं. चूक त्याच्या दोन तास आधी, सिंकपाशी झालेली असते.

एक हिशोब आधी वहीत करून बघा. स्लाइडची एक बाजू २५ × ७५ मिलिमीटर. त्वचेवरच्या तेलात सापडतात तशा फॅटी आम्लाचा एक रेणू उभा राहिला तर साधारण ०.२ चौरस नॅनोमीटर जागा घेतो. म्हणजे अख्खी बाजू एका रेणूच्या थराने झाकायला स्टिअरिक आम्ल लागतं जेमतेम ४ ते ५ मायक्रोग्रॅम. मिठाचा एक बारीक दाणा साधारण ६० मायक्रोग्रॅमचा असतो. त्याच्या दहाव्या हिश्श्याहून कमी तेलात काच आपला स्वभाव बदलते, कारण थेंब फक्त वरचा तो एकच थर ओळखतो. खालची काच त्याच्या गावीही नसते.

म्हणून पुढचा क्रम जसा आहे तसाच पाळा. पायऱ्या पुढेमागे केल्या की काय चुकलं ते शोधायलाही जागा उरत नाही.

## पायरी १: खोली आणि हात

थर्मामीटर आणि आर्द्रतामापक मशीनशेजारी ठेवा, भिंतीवर नाही. आपल्याकडे पावसाळ्यात बाहेर ८०-९० टक्के आर्द्रता आणि आत एसी, त्यामुळे थंड खोलीतला नमुना बाहेरच्या पॅसेजमध्ये नेला की त्यावर डोळ्यांना न दिसणारं दव बसतं. नमुना झाकलेल्या काचेच्या पेट्री डिशमध्येच न्या आणि दुसऱ्या खोलीत गेल्यावर झाकण लगेच उघडू नका. दहा-पंधरा मिनिटं थांबा.

खालच्या मजल्यावर कॅन्टीन असेल आणि चार वाजता भजी तळली जात असतील, तर त्या वेळेत नमुने उघडे नकोत. अगरबत्ती, डास पळवण्याचं लिक्विड आणि परफ्यूम यांनाही हाच नियम. दसऱ्याला उपकरणांची पूजा जरूर करा, मीही करते. पण त्या दिवशी नमुने कपाटात असतात आणि स्टेज, म्हणजे मशीनवरची नमुना ठेवायची जागा, झाकलेलं असतं.

ग्लोव्ह पावडर नसलेले नायट्राइलचे. त्यांनी केस, चेहरा, मोबाइल, दाराची कडी यांतलं काहीही शिवलं की ते ग्लोव्ह गेले. तरीही स्लाइड चिमट्यानेच धरायची, तीही कडेला, आणि रोज त्याच कोपऱ्यात.

## पायरी २: पाणी तपासा

"१८.२ चं पाणी आहे" हे उत्तर पुरेसं नाही. १८.२ मेगाओम-सेंटीमीटर हा आकडा पाण्यात आयन नाहीत एवढंच सांगतो. तेलाचा अंश किंवा विद्युतभार नसलेलं डिटर्जंट असेल तर तो या आकड्यात दिसतच नाही, आणि आपल्या कामात घात करतो तो नेमका तोच.

पाणी त्याच दिवशी, काचेच्या बाटलीत घ्या. पहिलं अर्धा-एक लिटर सिंकमध्ये सोडा. प्लॅस्टिकच्या पिचकारी-बाटलीत आठवडाभर पडून असलेलं पाणी धुवायला चालेल, थेंबाला नाही.

तपासणी: स्वच्छ काचेची बाटली अर्धी भरा, बूच लावून दहा सेकंद जोरात हलवा आणि उजेडात धरा. बुडबुडे वर येताच क्षणात फुटले पाहिजेत. कडेला फेसाची कड दोन-चार सेकंद टिकली, तर पाणी किंवा बाटली यांपैकी काहीतरी घाण आहे. दुसरी बाटली घेऊन पुन्हा करा, म्हणजे दोषी कोण ते कळेल.

## पायरी ३: काच धुणं

इथे घाई करू नका. अर्धा दिवस गेला तरी चालेल.

डब्यातून काढलेली नवी स्लाइड स्वच्छ नसते. तिच्यावर ३०-४० अंशांचा कोन सहज येतो. क्रम असा:

१. प्रयोगशाळेच्या डिटर्जंटच्या साधारण २ टक्के द्रावणात, उभ्या खाचांच्या काचेच्या जारमध्ये, १० मिनिटं सोनिकेटर (ध्वनिलहरींनी धुणारी टाकी). स्लाइड एकमेकींना चिकटलेल्या नकोत.

२. शुद्ध पाण्याने किमान पाच वेळा खळखळून. डिटर्जंट स्वतःच पृष्ठभागाला धरून बसणारा पदार्थ आहे. तो राहिला तर एक घाण काढून दुसरी लावल्यासारखं होतं.

३. अ‍ॅसिटोनमध्ये ५ मिनिटं आणि ते सुकायच्या आत आयसोप्रोपॅनॉलमध्ये ५ मिनिटं. अ‍ॅसिटोन झटकन उडतं आणि त्यात विरघळलेलं सगळं जागच्या जागी सोडून जातं. स्लाइडवरचे ते पांढुरके ओघळ याचेच. अ‍ॅसिटोन मऊ प्लॅस्टिकच्या बाटलीत ठेवलेलं असेल तर ते बाटलीतलंच प्लॅस्टिसायझर (प्लॅस्टिक मऊ ठेवणारा पदार्थ) घेऊन येतं.

४. पुन्हा शुद्ध पाणी.

तपासणी: स्लाइड पाण्यातून उभी वर काढा. पाण्याचा पडदा अखंड राहून हळूहळू खाली उतरला पाहिजे. मध्येच तो फाटला, बेटं तयार झाली, की पुन्हा पहिल्या क्रमांकावर. प्लेटिंगच्या, म्हणजे धातूचा मुलामा देणाऱ्या, कारखान्यांत वस्तू टाकीत सोडण्याआधी कामगार हेच बघतात, आणि त्यांची नजर आपल्या मुलांपेक्षा तयार असते.

५. नायट्रोजन सिलिंडरच्या झोताने सुकवा, वरून खाली, एकाच दिशेने. टिश्यूने पुसायचं नाही. मुळीच नाही.

६. शेवटी यूव्ही-ओझोनमध्ये (अतिनील दिव्याच्या पेटीत) १५-२० मिनिटं. दिव्याची १८५ नॅनोमीटरची रेषा हवेतून ओझोन बनवते, २५४ ची रेषा तो ओझोन फोडते, आणि उरलेसुरले कार्बनी रेणू जळून जातात. पण ही पायरी पातळ थरासाठी आहे. न धुतलेल्या स्लाइडवर तेलाचा डाग असेल तर तो ओझोनने जात नाही. बंद केल्यावर एक्झॉस्ट चालू ठेवून पाच मिनिटांनी दार उघडा. ओझोनचा वास आला म्हणजे तुम्ही लवकर उघडलंत.

पाचव्या क्रमांकाबद्दल स्वतःची फजिती सांगते. मी विद्यार्थिनी असताना नायट्रोजन संपला, म्हणून टेबलावरच्या कॉम्प्रेसरच्या हवेने स्लाइड सुकवू लागले. तीन आठवडे माझ्या 'स्वच्छ' काचेवर साठच्या पुढे कोन येत होता. पाणी बदललं, डिटर्जंट बदललं, सिरिंज बदलली. शेवटी एका सीनियर ताईने हवेच्या नळीसमोर टिश्यू धरला, दोन मिनिटं झोत सोडला आणि टिश्यू माझ्या हातात दिला. मध्यभागी पिवळट, पारदर्शक गोल ठिपका होता. कॉम्प्रेसरचं तेल. तेव्हापासून नवीन गॅसलाइनची पहिली ओळख मी टिश्यूनेच करून घेते.

इशारा: इंटरनेटवर प्रत्येक कृतीत पिराना द्रावण दिसेल, म्हणजे संहत सल्फ्युरिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड. पहिल्या सत्रात त्याला हात लावू नका. वरची कृती नीट केली तर त्याची गरजही पडत नाही. पुढे कधी करावं लागलंच तर मार्गदर्शक शेजारी उभे असताना. अ‍ॅसिटोन किंवा कुठलंही सेंद्रिय द्रावक त्याच्या जवळपास नको, कारण स्फोट होतो. आणि त्याचा टाकाऊ भाग घट्ट झाकणाच्या बाटलीत कधीही भरायचा नाही. त्यातून वायू निघत राहतो आणि बाटली फुटते.

## पायरी ४: कॅमेरा आणि प्रकाश

स्टेज स्पिरिट लेव्हलने समतल करा. कॅमेरा एक-दोन अंश खाली झुकलेला असावा, म्हणजे थेंबाचं प्रतिबिंब पृष्ठभागात दिसतं. थेंब आणि प्रतिबिंब जिथे मिळतात ती बेसलाइन. मागचा प्रकाश पसरट हवा. उघडा एलईडी ठेवला तर थेंबाच्या कडेला दोन-दोन रेघा दिसतात आणि सॉफ्टवेअर दर वेळी वेगळी रेघ पकडतं.

मोजपट्टी म्हणून सुईचा बाहेरचा व्यास वापरा. २२ गेजची सुई साधारण ०.७२ मिलिमीटरची असते, पण पाकिटावर विश्वास न ठेवता मायक्रोमीटरने मोजा. सुई थेंबाच्याच प्रतलात फोकस झालेली असावी.

## पायरी ५: मशीनची परीक्षा, लटकत्या थेंबाने

ही पायरी निम्मी मुलं गाळतात.

नमुना ठेवायच्या आधी, सुईला पाण्याचा थेंब लटकता ठेवून पृष्ठताण मोजा. थेंब मोठा हवा, अजून थोडं पाणी सोडलं तर पडेल इतका. लहान थेंब जवळजवळ गोल असतो. गुरुत्वाने त्याचा आकार ओढलेलाच नसतो, मग सॉफ्टवेअर गणित कशावरून करणार? तरीही ते आकडा देतं, आणि दशांशाच्या दोन स्थळांपर्यंत देतं.

अपेक्षित आकडा तापमानावर ठरतो: २० अंश सेल्सियसला ७२.८ मिलीन्यूटन प्रति मीटर, २५ ला ७२.०, ३० ला ७१.२. पुस्तकात ७२.८ पाहून आलेली मुलं एसी बंद पडलेल्या खोलीतला ७१.२ हा अगदी बरोबर आकडा 'दुरुस्त' करायला निघतात. आधी थर्मामीटर बघा.

आकडा चुकला तर दोन शक्यता वेगळ्या करायला शिका. पहिल्या फ्रेमपासून तो स्थिर, पण चुकीचा आहे का? मग मोजपट्टी चुकली. पृष्ठताण लांबीच्या वर्गावर अवलंबून असतो, म्हणून सुईचा व्यास २ टक्क्यांनी चुकला की उत्तर ४ टक्क्यांनी, म्हणजे जवळपास ३ मिलीन्यूटन प्रति मीटरने चुकतं. याउलट आकडा ठीक सुरू होऊन पाच मिनिटांत ७१, ७०, ६८ असा घसरतोय का? मग पाण्यात किंवा सुईत काहीतरी आहे आणि ते हळूहळू थेंबाच्या पृष्ठभागावर येऊन बसतंय. ही चाचणी करताना थेंबाभोवती तळाशी थोडं पाणी असलेली काचेची क्युव्हेट (छोटी चौकोनी डबी) लावा, नाहीतर बाष्पीभवनाने थेंबच आक्रसतो.

इशारा: मेडिकलच्या दुकानातली डिस्पोझेबल सिरिंज वापरू नका. दट्ट्या सहज सरकावा म्हणून तिला आतून सिलिकोन तेल लावलेलं असतं. काचेची सिरिंज घ्या, आणि पाण्याची सिरिंज फक्त पाण्यासाठी ठेवा.

## पायरी ६: दोन कंट्रोल

कंट्रोल म्हणजे ज्यांचं उत्तर आधीच माहीत आहे असे पृष्ठभाग.

आत्ताच धुतलेली काच: कोन १० अंशांपेक्षा कमी. असाच लिहा, "१० पेक्षा कमी". बाजूने घेतलेल्या फोटोतून ६.३ अंश वाचणं म्हणजे स्वतःची फसवणूक.

पॅराफिन फिल्म, वरचा कागद त्याच क्षणी सोलून: १०५ ते ११० च्या आसपास.

दोन्ही जागेवर असतील तरच नमुना स्टेजवर. काच २५ आणि पॅराफिन बरोबर, म्हणजे धुण्यात चूक. काच ठीक पण पॅराफिनवर ९०, म्हणजे संशय पुन्हा पाण्यावर किंवा सुईवर.

एक स्लाइड दिवसभर उघडी ठेवून दर तासाला, दर वेळी नव्या जागी, मोजून बघा. कोन चढत जातो. हवेतले कार्बनी रेणू तिच्यावर बसत असतात. तुमच्या खोलीत तो किती वेगाने चढतो हे एकदा कळलं, की धुतल्यापासून किती मिनिटांत मोजायचं ते तुमचं तुम्हालाच ठरवता येतं.

## पायरी ७: थेंब ठेवणं

३ मायक्रोलिटर. ९० अंशांच्या पृष्ठभागावर एवढा थेंब सव्वादोन मिलिमीटर रुंद होतो आणि गुरुत्व त्याला फारसा चपटा करत नाही. थेंब सुईच्या टोकावर तयार करा, स्टेज हळू वर आणून त्याला टेकवा, मग खाली घ्या. वरून टपकवला की तो आपटून पसरतो आणि भलताच कोन धरून बसतो.

फोटो प्रत्येक वेळी ठरावीक क्षणी घ्या, समजा टेकल्यापासून ५ सेकंदांनी. एसीच्या कोरड्या झोतात थेंब लवकर उडतो: कड जागेवर राहते, उंची घटते आणि कोन आपोआप उतरतो. दोन थेंबांत किमान ५ मिलिमीटर अंतर. पुसून त्याच जागी दुसरा थेंब नाही.

## पायरी ८: एक आकडा पुरत नाही

नुसता ठेवलेला थेंब जो कोन दाखवतो तो अ‍ॅडव्हान्सिंग (कड पुढे सरकतानाचा) आणि रिसीडिंग (कड मागे सरकतानाचा) या दोन टोकांच्या मधला कुठलाही असू शकतो. म्हणून दोन मुलांना एकाच नमुन्यावर ७४ आणि ८१ मिळतात आणि दोघंही खरं बोलत असतात. वाद मिटवायचा असेल तर दोन्ही टोकं मोजा.

सुई थेंबातच ठेवा. सेकंदाला ०.२ मायक्रोलिटर या संथ गतीने ३ वरून १५ पर्यंत वाढवा. सुरुवातीला कड अडलेली असते आणि कोन फुगत जातो. ते आकडे टाकून द्या. बेसलाइनची रुंदी वाढायला लागली आणि कोन स्थिर झाला, तिथून पुढच्या फ्रेमची सरासरी म्हणजे अ‍ॅडव्हान्सिंग. मग त्याच गतीने पाणी ओढा. पुन्हा कड अडते, कोन घसरतो. बेसलाइन आक्रसू लागल्यावरच्या फ्रेम म्हणजे रिसीडिंग. थेंब पार चपटा झाला तरी कड हललीच नाही, तर "रिसीडिंग मिळाला नाही" असं स्वच्छ लिहा. ओढूनताणून आकडा काढू नका.

दोघांतला फरक १० अंशांच्या आत असेल तर पृष्ठभाग बऱ्यापैकी एकसारखा. ४० असेल तर खडबडीतपणा, डाग किंवा पाण्याने बदलणारा पृष्ठभाग यांपैकी कोण कारणीभूत आहे ते आधी शोधा. खडबडीतपणा ९० च्या खालचा कोन आणखी खाली आणि वरचा आणखी वर नेऊ शकतो, त्यामुळे घासलेला आणि न घासलेला नमुना यांची थेट तुलना करून "रसायन बदललं" असं म्हणता येत नाही.

मोजणी किती? तीन वेगवेगळे नमुने, प्रत्येकावर पाच थेंब. याला नमुनासंख्या ३ म्हणायचं, १५ नाही. एकाच थेंबाचा डावा आणि उजवा कोन म्हणजे दोन मोजमापं तर नाहीतच. त्यांत ३-४ अंशांहून जास्त फरक असेल तर स्टेज किंवा नमुना तिरका आहे.

## पायरी ९: पृष्ठऊर्जेचं गणित, जपून

पृष्ठऊर्जा म्हणजे घन पृष्ठभागाचा जणू पृष्ठताणच, आणि मार्गदर्शकांना बहुधा हाच आकडा हवा असतो. ओवेन्स-वेंट पद्धतीत दोन द्रव वापरतात: पाणी, एकूण पृष्ठताण ७२.८ मिलीन्यूटन प्रति मीटर, त्यातला डिस्पर्सिव्ह भाग (सगळ्याच रेणूंत असणारं आकर्षण) २१.८ आणि पोलर (ध्रुवीय रेणूंमधलं जादा आकर्षण) ५१.०, आणि डायआयोडोमिथेन, ५०.८, सगळाच डिस्पर्सिव्ह. समजा एका पॉलिमर फिल्मवर डायआयोडोमिथेनचा कोन ४० आणि पाण्याचा ८० आला. गणित केल्यावर डिस्पर्सिव्ह भाग ३९.६, पोलर ३.५, एकूण ४३.१ येतं.

आता पाण्याचा कोन ८० ऐवजी ८५ धरा. एकूण ४१.६, काही बिघडलेलं दिसत नाही. पण पोलर भाग ३.५ वरून २.० झाला, चाळीस टक्क्यांहून जास्त घसरण, फक्त ५ अंशांनी. "प्लाझ्मा दिल्यावर पोलर भाग वाढला" (प्लाझ्मा म्हणजे विद्युतभारित वायूचा मारा) असं वाक्य लिहिण्याआधी तुमच्या कोनातली चूक किती आहे ते बघा. हे गणित प्रत्येकाने एकदा हाताने करावं; सॉफ्टवेअर हा धोका दाखवत नाही.

डायआयोडोमिथेन उजेडात बिघडतं आणि आयोडीन सुटून लालसर होतं, तेव्हा ते गडद बाटलीत ठेवा आणि फ्यूम हुडखालीच हाताळा. काही पॉलिमर त्यात फुगतात. थेंब उचलल्यावर खाली गोल ठसा राहिला तर तो आकडा रद्द. पर्याय म्हणून ग्लिसरॉल घेणाऱ्यांसाठी: ते हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि आपल्या पावसाळ्यात तर विचारूच नका. जूनमध्ये उघडलेली बाटली ऑगस्टमध्ये शुद्ध ग्लिसरॉल म्हणून वापरू नका.

## पायरी १०: नमुना बाहेर नेताना, आणि आवरताना

एक्सपीएससाठी (क्ष-किरणांनी पृष्ठभागावरची मूलद्रव्यं ओळखणारी चाचणी) नमुना ऐरोली पुलावरून पवईला न्यायचा असेल, तर प्लॅस्टिकच्या झिप-पिशवीत टाकू नका. पिशव्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून त्यांत निसरडे पदार्थ मिसळलेले असतात, आणि ते नमुन्यावर उतरतात. सिलिकोन जेलच्या डब्यांतूनही तसंच होतं. स्वयंपाकघरातल्या अ‍ॅल्युमिनियम फॉइलवर रोलिंगचं तेल असू शकतं. धुतलेली, यूव्ही-ओझोन दिलेली काचेची पेट्री डिश घ्या; नमुना मोजायची बाजू वर, कशालाही न टेकता. सोबत एक कोरी, तशीच धुतलेली स्लाइड न्या. ट्रॅफिकमध्ये दीड तास गेला तर त्या दीड तासाचा कार्बन या कोऱ्या स्लाइडवरच्या सिग्नलवरून कळेल. प्लाझ्मा दिलेला पीडीएमएस (सिलिकोन रबर) असेल तर तो काही तासांत पुन्हा पाणी झिडकारू लागतो. प्लाझ्मापासून मोजमापापर्यंतचा वेळ मिनिटांत लिहा.

वहीत प्रत्येक मालिकेसाठी हे हवंच: तापमान, आर्द्रता, त्या दिवशीचा पाण्याचा पृष्ठताण, दोन्ही कंट्रोलचे कोन, धुतल्यापासूनची मिनिटं, थेंबाचं आकारमान, फोटोचा क्षण, थेंबाच्या कडेवर सॉफ्टवेअरने कोणता वक्र बसवला (फिट) ते. मूळ फोटो जपून ठेवा, नुसते आकडे नकोत. सहा महिन्यांनी बेसलाइन पुन्हा आखायची वेळ येतेच.

शेवटी पाण्याची सिरिंज पाण्याने, डायआयोडोमिथेनची इथेनॉलने धुऊन, दट्ट्या बाहेर काढून सुकवा. डायआयोडोमिथेन आणि त्याचं धुतलेलं इथेनॉल सिंकमध्ये ओतायचं नाही. हॅलोजनयुक्त कचऱ्याची बाटली फ्यूम हुडखाली डाव्या कोपऱ्यात आहे, आणि तिच्यावर आजची तारीख टाकायला विसरू नका.